एकच भाषण

शाळेच्या वर्धापनदिनाच्या सकाळी दया भिंगारदिवे हिने ओमच्या चित्रपट्टीवर भाषणाचे चित्र एकच लावले. हे तिने घाईत केले, असे पुढे काही जणांनी म्हटले. ते खरे नाही. तिने पुरता विचार केला होता. लहानपणापासून ती दर रविवारी चर्चला जात आली होती आणि तिथला क्रम तिला पाठ होता: प्रार्थना, गीत, पाळकसाहेबांचा उपदेश, पुन्हा गीत, आणि सणाचा दिवस असला तर प्रीतिभोजन. उपदेश लांबे, कधी फारच लांबे. पण तो एक असे. स्वतः शिकत असताना शाळेच्या समारंभांत ती स्वागतगीत गाऊन पडद्यामागे जाई आणि थेट जेवणाला बाहेर येई. मधल्या काळात व्यासपीठावर काय चालते, हे पाहण्याचा प्रसंग तिच्यावर कधी आलाच नव्हता.

सावेडीतल्या या शाळेत ती ओमची मदतनीस म्हणून लागली त्याला फार दिवस झाले नव्हते. त्याआधी ती कापडबाजारात साड्यांच्या दुकानात घड्या उघडीत आणि घालीत असे. ओम दुसरीत होता. तो मोजके शब्द बोले, चित्रे सुरेख काढी, आणि आता पुढे काय होणार हे ठाऊक नसले की त्याचा जीव घाबरा होई. म्हणून त्याच्यासाठी कापडाची एक पट्टी केली होती. तिच्यावर दिवसभरातल्या गोष्टींची चित्रे क्रमाने चिकटवलेली असत. एक गोष्ट पुरी झाली की ओम तिचे चित्र काढी, पत्र्याच्या डबीत टाकी, "संपलं" म्हणे आणि निश्चिंत मनाने पुढच्या गोष्टीकडे वळे. पट्टी सकाळी एकदा ठरली की दिवसभर बदलायची नाही, हा नियम खुद्द मुख्याध्यापिका सुरेखा मॅडमनी घातला होता. त्यालाही कारण होते. एकदा खेळाच्या सरांनी न सांगता मैदानाचा तास पुढे ढकलला, तेव्हा ओम कानांवर हात ठेवून दुपारभर बाकाखाली बसला होता. आणि त्याची सोबत करण्यासाठी मॅडमनाही बाकाखाली बसावे लागले होते.

दयाची नेमणूक मात्र अजून चाचणीवर होती. ती कायम करणे संस्थेचे अध्यक्ष पुंजाराम अण्णा यांच्या हाती होते. अण्णा सोनईचे बागायतदार. माणूस मोकळा, पण मदतनीस या पदाविषयी त्यांचे मत मुळीच अनुकूल नव्हते.

"एका पोरामागं एक बाई?" बैठकीत ते म्हणाले होते. "आमच्या घरी आमी नऊ भावंडं. मंग आमच्या आईनं नऊ बाया ठिवायच्या हुत्या व्हय?"

"अण्णा, एकदा डोळ्यांनी बघा तरी," सुरेखा मॅडम म्हणाल्या.

"बघतो की. वर्धापनदिनाला येतोच हाय. काय ते भाषनात सांगून टाकतो."

या उत्तराचा मॅडमनी आणि दयाने मिळून अर्थ लावला. ज्याला नकार द्यायचा असतो तो बंद खोलीत देतो. माइकवरून द्यायचा तो होकारच. तर्क निर्दोष वाटत होता. "फक्त त्यांचं भाषण नीट पार पडू द्या," मॅडम म्हणाल्या. "ओमला पहिल्या रांगेत बसवा. अण्णांना दिसू दे." दुकानाच्या मालकांनी दयाची जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती. परंतु ओमने आपल्या बुटाचा पट्टा प्रथमच आपल्या हाताने लावला, तो दिवस पाहिल्यानंतर पुन्हा घड्या घालायला जाणे तिच्या जिवावर आले होते.

समारंभ वेळेवर सुरू झाला. दिवा लागला, ओमने दिव्याचे चित्र काढले. गीत झाले, गीताचे चित्र गेले. हार झाले, हाराचे चित्र गेले. मग सुरेखा मॅडम प्रास्ताविकाला उभ्या राहिल्या. आता, प्रास्ताविक हे भाषण नव्हे, असा एक पक्ष आहे. त्याचे म्हणणे असे की, प्रास्ताविक ही पुढील भाषणांची केवळ वाट असते. ओमचा पक्ष याच्या उलट होता आणि त्याला भक्कम आधार होते: माणूस उभा राहिला, माइकसमोर आला, पुष्कळ वेळ बोलला आणि शेवटी टाळ्या पडल्या. भाषणाचे याहून अधिक लक्षण कोणी दाखवून द्यावे.

"संपलं," ओम म्हणाला आणि त्याने भाषणाचे, म्हणजे माइकचे, चित्र डबीत टाकले. पट्टीवर आता ताटाचे चित्र वर आले. तो उठला.

"ओम, बस. अजून आहे," दया कुजबुजली.

ओमने तिला पट्टी दाखवली. पट्टीवर नव्हते.

व्यासपीठावर उपाध्यक्ष उठून चष्मा पुसू लागले होते. त्यांच्यानंतर आणखी चार जण आणि शेवटी अण्णा, हे दयाला त्या क्षणी निमंत्रणपत्रिकेवरून कळले. तिने तीच पत्रिका उलटी केली, कोऱ्या बाजूवर घाईघाईने माइक काढला आणि तो ओमपुढे धरला. ओमने चित्र निरखून पाहिले. माइक ओळखू येण्याजोगा होता. त्याने ते तिच्या हातून घेतले, व्यवस्थित दुमडले, डबीत टाकले आणि पुन्हा म्हणाला, "संपलं."

एवढे करून तो व्यासपीठाच्या पायऱ्या चढला. माइकचे चित्र डबीत गेले होते. खरा माइक अजून उघड्यावर होता. त्याने तो उपाध्यक्षांसमोरून अदबीने उचलला, बटण बंद केले आणि टेबलाखालच्या त्याच्या पेटीत ठेवून पेटीचे झाकण लावले.

"दयाताई!" मॅडमनी खालच्या आवाजात हाक मारली. "थांबवा त्याला!"

"कसं थांबवू, मॅडम? पट्टी मध्येच बदलायची नाही, तुम्हीच सांगितलंय."

"अहो, पण ते रोजच्यासाठी!"

"त्याला आजचा दिवस वेगळा आहे हे कुठं ठाऊक आहे? जबरदस्ती केली तर तो टेबलाखाली जाईल. मग तुम्हालाही जावं लागेल."

मॅडमनी टेबलाकडे पाहिले, अंगावरच्या नव्या पैठणीकडे पाहिले आणि त्या वाटेतून बाजूला सरकल्या.

या शाळेत मुले जेवायला जोडीजोडीने, हात धरून जातात. ओमचा जोडीदार तापाने घरी होता. जोडीविना जाणे नियमबाह्य, म्हणून ओमने जवळात जवळचा रिकामा हात शोधला. तो पुंजाराम अण्णांचा निघाला. ओमने तो धरला आणि वाट पाहत उभा राहिला.

"कुटं न्यायचं म्हन्तोय ह्यो?" अण्णांनी विचारले.

"जेवायला, अण्णा," दया म्हणाली. "पण आपण बसा. आपलं भाषण व्हायचंय."

अण्णांनी उपाध्यक्षांच्या हातातल्या कागदांच्या जाडीकडे पाहिले. मग ते उठले.

पुढचे सारे तर्काने घडले. अध्यक्ष जोडीने निघालेले पाहताच पहिलीच्या मुलांनी आपापले जोडीदार धरले. मुले निघाली म्हणून पालक उठले. मुले आली म्हणून शिपाई छगन याने पातेल्यांची झाकणे काढली. मसालेभाताचा वास सभागृहात शिरल्यावर उरलेले श्रोतेही उठले आणि उपाध्यक्षांसमोर फक्त खुर्च्या राहिल्या. त्यांनी पहिले वाक्य तरीही म्हटले, असे छगन सांगतो.

नळावर अण्णांनी ओमच्या मागे उभे राहून हात धुतले. पंगतीत ते त्याच्याच शेजारी बसले. दया ओमच्या मागे उभी राहिली. आपली नोकरी आपणच एका चित्रापायी घालवली, याविषयी तिला शंका उरली नव्हती. पण काम अजून संपले नव्हते, म्हणून ती ते करीत होती. ओमने मठ्ठ्याचे भांडे दोन्ही हातांनी उचलले आणि पेल्यात ओतू लागला. निम्मा मठ्ठा पेल्यात पडला, निम्मा टेबलावर. अण्णांचा हात आपोआप पुढे गेला. दयाने तो वाटेत अडवला.

"राहू द्या, अण्णा. त्याला ओतू द्या."

"अवो, सांडतंय की समदं!"

"सांडू द्या."

"मंग तुमी हितं कशाला हुब्या?"

"सांडल्यावर तो पुसतो का, ते बघायला."

"आन् न्हाई पुसलं तर?"

"तर उद्या परत सांडू देते."

अण्णांनी घास खाली ठेवला. "म्हंजी दिसतंय सांडताना, हात शिवशिवत्यात, तरी कायबी करायचं न्हाई? ह्येच तुमचं काम?"

"बराच वेळ हेच," दया म्हणाली. लपवण्यासारखे आता काही राहिले नव्हते.

"लई अवघड," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "थट्टा न्हाई करत, बाई. कायबी न करता नीट बसून ऱ्हानं काय आसतं, ते मला इचारा. स्टेजवर जलम गेला माझा." त्यांनी पुन्हा ओमकडे पाहिले. ओमने फडके घेतले होते आणि तो टेबल पुसत होता. आधी आपल्या पुढचे, मग अण्णांच्या पुढचेही.

तेवढ्यात सुरेखा मॅडम आल्या. "अण्णा, जेवण झाल्यावर दोन शब्द तरी? माइक परत काढते."

"नगं. ह्यो गडी पुन्ना पेटीत टाकंल." अण्णा मजेत होते.

दयाने धीर केला. "अण्णा, माझ्या जागेचं तुम्ही भाषणात सांगणार होता."

"व्हय. सांगनार हुतो."

"काय सांगणार होता?"

"ही जागा ह्या महिन्यापास्नं बंद, आसं सांगनार हुतो."

हे भाषण घडवून आणण्यासाठी दोघींनी सकाळपासून केलेली धडपड दयाला एकेक करून आठवू लागली. त्यात निमंत्रणपत्रिकेमागे काढलेला माइकही होता.

"मग आता?" तिने विचारले.

"आता काय? भाषन झालं का?"

"नाही."

"मंग जागा बंद कशी हुईल?" अण्णांनी मठ्ठ्याचा घोट घेतला.

"म्हणजे कायम समजायची का, अण्णा?" मॅडमनी संधी सोडली नाही. "पण मग तेही भाषणातच सांगावं लागेल."

अण्णा विचारात पडले. आक्षेप बिनतोड होता. त्यांनी एकवार ओमकडे पाहिले. तो बुंदीचा एकेक दाणा वेचून खात होता.

"हितंच सांगतो. बसून," ते म्हणाले. "बसून सांगितल्यालं भाषनात धरत न्हाईत." मग खुर्ची मॅडमच्या बाजूला सरकवून, ओमला ऐकू जाणार नाही अशा बेताने, अण्णांनी आयुष्यात बहुधा प्रथमच एखादा निर्णय कुजबुजत जाहीर केला: "बाईंना कायम करा."