वाचनालयाच्या कट्ट्यावर मावशीसाहेबांची स्वारी

श्रोतेहो, कान इकडे द्यावे. थोरांच्या मोहिमा थोर लोक लिहितात, आणि धाकट्यांच्या मोहिमा कोणी लिहीत नाही, आणि मग त्या चहाच्या कपाबरोबर थंड होतात, हे बरे नव्हे. सबब ही हकिकत साद्यंत लिहिली असे. पदरचे तिखटमीठ घातले नाही. घातले असल्यास चवीपुरते.

तर अखंडित-आपटी-अलंकृत, सुईदोराधुरंधर, श्रीमती मावशीसाहेब या पेशाने शिंपीण, वयाने चाळिशी उलटलेल्या, आणि दुकानाचे दार ओढून घेतले की चारचाकी फळीवर, म्हणजे स्केटबोर्डावर, आरूढ होऊन वाचनालयापुढील फरशीवर संचार करीत. फळीवाल्यांच्या फौजेत बाकी सारे त्यांच्या निम्म्या वयाचे. ते त्यांस मावशी म्हणत, आणि मावशीसाहेब त्यांच्या गुडघ्यावर फाटल्या विजारी फुकट शिवून देत. फौजेचा रिवाज ऐसा, की वर्षाकाठी सर्वांच्या पराक्रमांचा एक व्हिडिओ करावा; त्यात आधी मर्दुमकी, आणि शेवटास, नावे झळकत असता, साऱ्या आपटण्यांची एक लड, गमतीचे बाजे वाजवून. मावशीसाहेब दर व्हिडिओत असत, परंतु दर वेळी त्या लडीतच असत. दोन पायांवर उभ्या ऐशा त्या एकदाही दिसल्या नाहीत.

घरी मातुःश्री सासूबाईसाहेब तो व्हिडिओ मोबाइलवर लावून बसत, आणि सून आपटली की मांडीवर थाप मारून "पडली! पडली!" करीत इतक्या हसत की कवळी सावरावी लागे. मनात काळेबेरे काही नव्हते. उलट शेजारणींसही कौतुकाने बोलावून दाखवीत. मावशीसाहेब सोबत हसत, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत. हे शल्य खोल गेले, आणि एकदा तरी न पडता व्हिडिओत जावे, ही एकच जिद्द त्यांनी मनी धरली.

तशात जासूद खबर घेऊन आला की, सोमवारी सकाळी गवंडी येऊन वाचनालयाच्या कट्ट्यास लोखंडी खुंट्या ठोकणार, म्हणजे फळीवाल्यांचा कायमचा बंदोबस्त. तेव्हा मावशीसाहेबांनी हुकूम फर्माविला की, रविवारी दुपारी वाचनालय बंद असता स्वारी करावी, आणि कट्टा खासा आपण जातीने घ्यावा. मसलत ऐसी: वेगाने यावे, फळीसह उडी मारून कट्ट्यावर चढावे, चाकांमधील लोखंडी आस दगडी कडेवर करकर घासत कट्टा पार करावा, आणि पलीकडे चाकांवर उतरून चालते व्हावे. उतरताना हात भुईस टेकला तर रद्द, आणि चित्रित न जाहले तर मुळी घडलेच नाही. या दोन कलमांस फौजेत माफी नाही.

चित्रणाचे काम चित्रनवीसाकडे. हा पेशाने घरोघर पार्सले पोचविणारा, आणि कसबाचा मोठा पक्का: स्वतः फळीवर स्वार होऊन, कॅमेरा भुईलगत धरून, स्वाराच्या मागोमाग धावे आणि नजर सदैव स्वाराच्या पायांवर ठेवी. कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहील तर खांबावर आदळेल. मग फळी सुळकन सरकावी म्हणून कट्ट्याच्या कडेस मेणबत्त्या घासून दारूगोळा सिद्ध केला, आणि मावशीसाहेबांनी पदर, म्हणजे सदऱ्याचे टोक, विजारीत खोचले, आणि लढाईस तोंड लागले.

पहिल्या हल्ल्यात फळी कट्ट्यावर चढली, मावशीसाहेब राहिल्या. पुढच्यात मावशीसाहेब चढल्या, फळी राहिली. मग एकदा दोघी चढल्या, आणि मग ऐसे आपटणे जाहले की वाचनालयाची कबुतरे उडाली आणि चित्रनवीस कॅमेरा काखेत मारून धावला.

"मावशी, लागलं का?"

"लागलं. बघत काय बसलास? चल, परत!"

गुडघा टम्म फुगला, कोपर सोलून निघाले, तरी माघार म्हणून नाही. आणि ऊन कलता कलता मावशीसाहेब दात-ओठ खाऊन ऐशा निघाल्या, आणि उडाल्या, आणि करकर करकर कट्टा अवघा कापला, आणि धपकन चाकांवर उतरल्या, आणि हात कोठे टेकला नाही, आणि तशाच चालत्या जाहल्या! फौजेने फळ्यांची शेपटे फरशीवर बडवून मुजरा केला. आणि मावशीसाहेबांनी हर्षभरे आपली फळी आकाशी भिरकाविली, तशी ती कट्ट्याच्या कोपऱ्यावर आपटून दुभंगली. तिचे कोणास वाईट वाटले नाही. जिंकलेल्या फळीने मोडावेच.

मग सारे कॅमेऱ्याभोवती जमले, आणि चित्रनवीसाचा चेहरा पांढरा पडला. कॅमेऱ्यास कळ एकच: दाबली की सुरू, पुन्हा दाबली की बंद. मावशीसाहेब जोरात आपटल्या तेव्हा हा बंद करणे विसरून धावला, आणि तेथून पुढे सारा कारभार उलटा जाहला. चित्रात काय, तर मावशीसाहेब पाणी पिताना, मावशीसाहेब गुडघा चोळताना, आणि चित्रनवीसाची काख. फत्ते जाहली त्या घटकेस कॅमेरा गाढ झोपला होता.

"मावशी, मला मार," तो म्हणाला. मावशीसाहेबांनी मारले नाही. गुडघा आता वाकेना, फळी दुभंगली, आणि उद्या खुंट्या. त्या कट्ट्यावर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या, आणि घडलेच नाही, घडलेच नाही, इतकेच बोलत राहिल्या.

ऐशा बाक्या प्रसंगी वाचनालयाचे किल्लेदार, म्हणजे पहारेकरीकाका, एका हाताने सैल विजार सावरीत आणि दुसऱ्या हाती मोबाइल उगारीत चालून आले. त्यांस ग्रंथपालबाईंचा सक्त हुकूम की, फळीवाल्यांविरुद्ध पुरावा आणावा. सबब ते खिडकीआड दबा धरून बसले होते.

"सगळं घेतलंय यात! आता कुठं पळाल?"

गनीम आला की पळावे, हा फौजेचा जुना दस्तूर. परंतु त्या दिवशी कोणी हलले नाही. मोबाइलवर साऱ्यांनी पाहिले: मावशीसाहेब येतात, उडतात, कट्टा कापतात, आणि मागून काकांचाच आवाज, "ए बाई, उतर खाली! अगं पडशील! पडशील... पडशी... आयला, गेली की!"

मग फौज काकांच्या पाया पडू लागली की, काका, हे आम्हांस पाठवा. काका चक्रावले. गुन्हेगार पुरावा पुसा म्हणतात, हे पुरावा मागतात, ही काय भानगड! शेवटी त्यांनी मावशीसाहेबांचे डोळे पाहिले, आणि ताठा गळाला, आणि तह ठरला, की फौजेने मेण खरवडून कट्टा लख्ख करावा, मावशीसाहेबांनी काकांची विजार कंबरेत आवळून द्यावी, आणि व्हिडिओतून काकांचा आवाज कोणी काढू नये. ग्रंथपालबाईंस काय सांगावे, ते काकांनी आपल्या शिरावर घेतले.

व्हिडिओ सिद्ध जाहला, आणि मर्दुमकीच्या अखेरीस, मानाच्या जागी, मावशीसाहेब. सासूबाईसाहेब कवळीस बोट लावून, हसावयास सज्ज होऊन बसल्या. सून आली, उडाली, कट्टा कापला, चालती जाहली. सासूबाई वाट पाहत राहिल्या.

"अगं, पडलीस कुठं?"

"अहो आई, नाही पडले."

सासूबाईंनी चष्मा काढून पदरास पुसला आणि पुन्हा लाविला. "परत लाव," त्या म्हणाल्या, "आणि थांब, शेजारणीला हाक मारते."

येणेप्रमाणे कट्टा फत्ते जाहला. सांप्रत त्यावर खुंट्या आहेत, आणि काका येणाऱ्या-जाणाऱ्यास त्या दाखवून, कोण कोठून उडाली आणि कोठे उतरली, हे विजार न सावरता सांगतात. व्हिडिओ पाहिला त्या रात्री मावशीसाहेबांच्या घरी भांडी एकदाच घासली गेली, याची येथे नोंद केली असे.