दोन कॅमेरे आणि भय्याजींचा दुपट्टा

तुमसरात एका लग्नाला दोन कॅमेरे लावणारा पहिला माणूस मी! हे मी तेव्हा इतक्या जणांना सांगितलं होतं, की धान गिरणीतले हमालसुद्धा मला पाहिलं की दोन बोटं दाखवायचे. एक कॅमेरा माझा स्वतःचा. दुसरा नागपूरहून भाड्याने आणलेला, आणि त्याच्यामागे माझा मेहुणा यादोराव. साल शहाऐंशी. व्हिडिओची नवलाई अशी, की वरातीत नवरदेवाला सोडून लोक आमच्याकडेच बघायचे.

मोहाडीजवळच्या सेवकरामच्या मुलीचं लग्न होतं. त्याने मला बाजूला घेतलं. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडावरून त्याचा थोरला भाऊ भय्याजी कित्येक वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. पुतणीच्या लग्नाला मात्र येतो म्हणाला होता.

"बाकी काई सुटलं तं सुटू द्या," सेवकराम म्हणाला, "पन दादा मले भेटते, तेवढं सुटू नोका देऊ."

"दोन कॅमेरे आहेत," मी म्हणालो. "सुटेल कसं?"

आता कॅसेट आणि बॅटरी दोन्ही जपायच्या होत्या, म्हणून मी एक युक्ती काढली होती. दोघांनी सतत शूटिंग करायचंच नाही. ज्याला चांगलं दिसत असेल त्याने गळ्यातला पांढरा दुपट्टा वर उडवायचा, की दुसऱ्याने आपलं बटण बंद करायचं. पुढे घरी दोन्ही कॅसेटी जोडून एक करायची. आमच्याकडच्या लग्नात प्रत्येक मानाच्या पाहुण्याला पांढरा दुपट्टाच देतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात दोन कॅमेरे होते ना!

भय्याजी आले आणि सरळ भावासमोर उभे राहिले. माझा कॅमेरा भय्याजींवर, यादोरावचा सेवकरामवर. भय्याजींनी काखेतून काहीतरी काढून दोन्ही हात उचलले आणि नेमकी तेव्हाच मधे पाहुण्यांची डोकी आली. डोक्यांच्या वर मला एक पांढरा दुपट्टा उडालेला दिसला. वा, यादोराव घेतोय! मी बटण बंद केलं. पलीकडे यादोरावनेही केलं. दुपट्टा भय्याजींचा होता. भावाच्या खांद्यावर घालायला त्यांनी तो झटकला होता.

मग त्या दोघांनी अशी मिठी मारली, की अख्खा मंडप रडला. आम्हीही कॅमेरे बंद ठेवून निवांत रडलो. रडून झाल्यावर सेवकराम भावासाठी स्वतःच्या हाताने जिलेबी आणायला वळला, तेव्हा कुठे यादोरावने बटण दाबलं.

घरी दोन व्हीसीआर जोडून बसलो आणि दोन्ही कॅसेटी लावून पाहिल्या. माझ्या कॅसेटीत भय्याजी हात उचलतात, संपलं. यादोरावच्या कॅसेटीत सेवकराम पाठ फिरवून चालू लागतो. पण गाळलं असतं तर भेटच गेली असती. मी दोन्ही तुकडे जोडले. जरा कोरडं वाटलं, म्हणून पुढे बायका खळखळून हसतानाचा तुकडा टाकला. त्या हसल्या होत्या बँडवाल्याची टोपी कढीच्या बादलीत पडली तेव्हा. मिठी झाल्याचं मला माहीत होतं, त्यामुळे मला ती तिथे दिसतही होती.

सेवकरामच्या अंगणात टीव्ही मांडला. सगळं गाव जमलं. भय्याजी सर्वांत पुढच्या खुर्चीवर, एक हात भावाच्या खांद्यावर. पडद्यावर भय्याजींनी प्रेमाने हात उचलले, सेवकराम पाठ फिरवून चालता झाला आणि घरच्या बायका हसल्या.

भय्याजींनी तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तेव्हा खांद्यावरचा हात निघाला.

"दादा, म्या तुह्यासाठी जिलेबी आनाले गेलतो," सेवकराम काकुळतीला आला. "त्याच्या आंधी आपन गळ्यात पडून रडलो ना!"

"मी रडलो," भय्याजी म्हणाले. "माह्या डोयात पानी होतं, तवा मले काई दिसलं नाई. आता साफ दिसून राहिलं."

ते उठून गेले. सेवकरामने माझ्याकडे पाहिलं. मग भावाची रिकामी खुर्ची उचलून तो आत गेला. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी यादोराव आणि मी सेवकरामला घेऊन भय्याजींच्या दारात गेलो. दोन्ही कॅमेरे खांद्यावर, दारातच चालू केलेले, या वेळी बंद म्हणून करायचे नव्हते. सगळी चूक आमची, मी हात जोडून सांगितलं. एकदा परत भेटा, आम्ही नीट घेतो.

भय्याजी भावाकडे न बघता म्हणाले, "खरं केलं तवा तुमाले दिसलं नाई. आता खोटं करू तं बराबर दिसंल, नाई का?"

आणि दार लावून घेतलं.

तेवढं मात्र दोन्ही कॅमेऱ्यांत आलंय. सलग, कुठेही न तुटता.