सत्तावीस नंबर

"बाबा, आजच्या दिवस तो भोंगा नको," सूनबाई सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाली.

"मला काय हौस आहे?" सासरे बोर्डावरचे बिल्ले फडक्याने पुसत म्हणाले. "सगळे बिल्ले परत आले, तर भोंग्याला हात कोण लावतंय!"

गावातली कोळशाची खाण बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. मागे उरले होते दगडमातीचे उंच ढिगारे, काळी तळी आणि घरी बसून बायकांच्या कामात लुडबुड करणारे जुने खाणकामगार. त्या ढिगाऱ्यांवर सूनबाईने आणि तिच्या नवऱ्याने स्वतः कुदळ मारून डोंगरी सायकलींसाठी तीन वाटा तयार केल्या. सहा महिन्यांची तात्पुरती परवानगी मिळाली, लांबलांबून लोक येऊ लागले. ती मुदत आज संपत होती. आज तपासणीचे साहेब येणार होते आणि ते नाही म्हणाले, तर उद्यापासून फाटकाला कुलूप.

फाटक सासऱ्यांकडे होतं. चौतीस वर्षं खाणीच्या तोंडाशी बसून त्यांनी हजेरी घेतली होती, म्हणून सगळं गाव त्यांना हजेरीमास्तर म्हणे. खाणीत उतरणाऱ्या माणसाने बोर्डावरून पितळी बिल्ला घ्यायचा, वर आला की त्याच खिळ्याला अडकवायचा. पाळी संपताना खिळा रिकामा दिसला, तर माणूस आत अडकलाय असं समजून भोंगा द्यायचा. फाटक हाती येताच मास्तरांनी माळ्यावरून तो बोर्ड काढला आणि सायकलवाल्यांना चाळीस बिल्ले लागू केले. नाव मात्र ते कोणाचंच विचारत नसत. खाणीत नंबर म्हणजेच माणूस होता, आणि त्या माणसाच्या सात पिढ्या मास्तरांना पाठ होत्या. इथे येणाऱ्यांची एकही पिढी पाठ नव्हती, पण पद्धत म्हणजे पद्धत.

साहेब अडीच वाजता आले. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, काखेत फाइल. सूनबाईने त्यांना त्यातल्या त्यात गरीब स्वभावाची सायकल दिली. मास्तरांनी खिडकीतून बिल्ला पुढे केला.

"हे काय?"

"तुमचा नंबर. बिल्ल्याशिवाय आत सोडत नाही. मालकालासुद्धा सोडलं नव्हतं एकदा."

"अहो आजोबा, मी तपासायला आलोय, हुंदडायला नाही."

मास्तर उत्तर देणार होते, पण सूनबाईने मागून असे डोळे वटारले की त्यांनी ते गिळलं. साहेब फाइल खिडकीत ठेवून बिल्ल्याशिवाय आत गेले. मास्तरांचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला.

चार वाजता वाटा बंद झाल्या. लोक बिल्ले अडकवून आपापल्या घरी गेले. मास्तरांनी मोजलं. पुन्हा मोजलं. मग चष्मा पुसून मोजलं.

"एकोणचाळीस," ते म्हणाले. "सत्तावीस नाही."

"खिशात टाकून गेलं असेल कोणीतरी," सूनबाई म्हणाली. "बाबा, साहेब येतील एवढ्यात. किती बारकाईने बघताहेत ते, दीड तास झाला! आता भोंगा वाजला तर ते काय लिहितील?"

"आणि सत्तावीस आत पडला असेल तर?"

"बाबा, पाया पडते तुमच्या."

मास्तरांचं सुनेवर फार प्रेम होतं. पण रिकामा खिळा समोर असताना त्यांना प्रेम, नाती काही सुचत नसे. त्यांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

अकरा वर्षं गप्प असलेला भोंगा असा काही ओरडला की छपरावरची कबुतरं गाव सोडून गेली. आणि गाव धावत आलं! न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून आला. गिऱ्हाईकही आलं, कारण तेही जुनं खाणकामगारच. कोणी दोर आणला, कोणी स्ट्रेचर, कोणी बॅटरी. बाहेर लख्ख ऊन होतं, पण भोंगा झाला की बॅटरी घेऊन निघायचं हे त्यांच्या अंगातच मुरलं होतं. सगळ्यांचे चेहरे कसे खुलले होते! कितीतरी वर्षांनी कोणाला तरी त्यांची गरज पडली होती.

"हरवलंय कोण?" न्हाव्याने विचारलं.

"सत्तावीस."

"बाई की बुवा?"

मास्तरांना ते आठवेना. ते खेकसले, "आधी शोधा, मग विचारा!" आणि त्यांनी स्वतः फाटक सताड उघडलं.

सूनबाईचा नवरा सर्वांत पुढे सुटला, तो थेट तिसऱ्या वाटेला लागला. बाकीचे चहूकडे पांगले. जरा वेळाने सगळ्या ढिगाऱ्यांवरून एकच आरोळी उठू लागली, "सत्तावीस! ओ सत्तावीस! ओ द्या!"

साहेब हे सगळं ऐकत होते. दुसऱ्या वाटेच्या वळणावर सायकल वळली आणि साहेब सरळ गेले, ते खालच्या घळीत कंबरभर काळ्या चिखलात जाऊन उभे राहिले. फोन बुडाला होता, एक बूट तळाशी गेला होता. हाका आपल्यासाठी नाहीत हे त्यांना कळत होतं. सुरुवातीला त्यांनी सरकारी शिस्तीत नुसतं "कोणी आहे का?" असं विचारून पाहिलं. पण "सत्तावीस"च्या गजरात ते कोणाला ऐकू जाईना. आवाज लांब जायला लागले, तशी साहेबांची शिस्त सुटली. ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "मीच! मीच सत्तावीस!"

दोर टाकून चौघांनी त्यांना वर ओढलं. डोक्यापासून पायापर्यंत कोळसा झालेला माणूस बघून म्हाताऱ्यांना गहिवरून आलं. न्हाव्याने तर त्यांना मिठीच मारली. वरात फाटकाशी आली. सूनबाईने साहेबांना ओळखलं आणि ती घोंगडी आणायला धावली.

"सापडला सत्तावीस!" न्हावी ओरडला. "मास्तर, भोंगा बंद करा!"

मास्तरांनी साहेबांना निरखून पाहिलं. "हे सत्तावीस नाहीत. यांना मी बिल्ला दिलाच नव्हता."

"बाबा!" सूनबाई कळवळली.

"खोटं कसं बोलू? साहेब, तुम्ही बसा, चहा घ्या. आमचा माणूस अजून आत आहे."

साहेब घोंगडी लपेटून बाकावर बसले. तेवढ्यात शाळेतल्या गाण्याच्या बाई ओले केस पुसत फाटकात आल्या. त्यांची सायकल पंक्चर झाली होती, म्हणून त्या मागच्या पायवाटेने परस्पर घरी गेल्या होत्या. "अंघोळीला गेले आणि भोंगा झाला," त्या ओशाळून म्हणाल्या. "खिशात हात घातला तर हे..." त्यांच्या तळहातावर सत्तावीस नंबरचा बिल्ला होता.

मास्तरांनी भोंगा बंद केला. साहेब हळूच म्हणाले, "म्हणजे मी आत पडलोय, हे कोणाला माहीतच नव्हतं?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"आणि या बाईंनी बिल्ला वेळेवर दिला असता तर?"

"तर साहेब किती बारकाईने बघताहेत, असं म्हणत आम्ही इथेच बसलो असतो."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी फाइल मागवली. सूनबाईला रडूच यायचं बाकी होतं. सहा महिन्यांचे हातावरचे फोड तिला पुन्हा दुखायला लागले. साहेब बराच वेळ लिहीत होते, मग त्यांनी कागद तिच्या हातात दिला. कायमची परवानगी होती. खाली एकच अट होती: 'बिल्ल्याशिवाय कोणालाही आत सोडू नये, तपासणी अधिकाऱ्यालाही नाही, आणि प्रत्येक बिल्ल्यापुढे नाव लिहावे.'

सूनबाईने तिथेच मास्तरांना वाकून नमस्कार केला. जुन्या गड्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब एका बुटावर लंगडत गाडीकडे गेले. मास्तर मोठ्या ऐटीत बोर्डाकडे वळले. चाळीसच्या चाळीस बिल्ले जागेवर होते. ते बघता बघता मास्तरांचा चेहरा पडला.

"सूनबाई," ते म्हणाले, "शोधायला गेले त्यांना मी बिल्ले दिलेच नाहीत गं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा."

सूनबाईने चहा पिणारी डोकी मोजायला सुरुवात केली. न्हावी होता, अर्धी दाढी होती, स्ट्रेचरवाले होते. ती मोजता मोजता थांबली.

"बाबा, हे कुठे आहेत?"

मास्तर तोंड उघडेपर्यंत तिने पळत जाऊन बटण दाबलं. भोंगा पुन्हा बोंबलला. निघालेली साहेबांची गाडी करकचून थांबली. साहेब तसेच घोंगडीत खिडकीशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. "द्या एक. आणि माझं नाव लिहा, पूर्ण लिहा."

तेवढ्यात तिसऱ्या वाटेच्या पार टोकावरून सूनबाईच्या नवऱ्याचा बसलेला आवाज आला, "ओ सत्तावीस! धीर सोडू नका, भोंगा परत झालाय! आता सगळं गाव तुम्हाला शोधायला येतंय!"