शेषराव मिस्त्रीचा गरम हवेचा डबा

अमरावतीचा उन्हाळा ज्यानं भोगला त्याला तो वेगळा सांगायला नको. दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो. अशा दिवसांत आमचा शेजारी शेषराव मिस्त्री अंगणातल्या लिंबाखाली उकिडवा बसून आपल्या मोटारीत ऊब कशी येईल याचा विचार करायचा. जाणारा-येणारा थांबायचाच.

"मिस्त्री, काय करून राहिले जी?"

"गाडीले हीटर बसवून राहिलो."

"वैशाखात?"

"मंग? थंडी वाजल्यावर गोधडी शिवाले बसता काय तुमी?"

लोक हसत पुढे जात. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू.

शेषराव कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनाचा मिस्त्री होता. आमचे मालक तिथंच वजनकाट्यावर, म्हणून मी त्याची वैनी. वयानं माझ्याहून लहान, म्हणून इथं एकेरीच लिहिते. तोंडावर भाऊजी म्हणायची. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली, मूलबाळ नाही, दुसरी केली नाही. घरात एक चूल, एक खाट आणि तपकिरीची डबी. बाकी सगळं लोखंड.

मोटार त्याला जिनिंगच्या जुन्या साहेबानं दिली होती. साहेब देश सोडून निघाला तेव्हा ती बंद पडलेली होती, आणि ओढून न्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. शेषरावनं ती घरी आणून चालू केली. शर्यतीची गाडी म्हणे. दोनच दारं, कासवासारखी पाठ, आत शिरायचं तर कमरेतून दुमडावं लागे. इंजिन मागं, आणि त्याला पाणी लागत नसे. वाऱ्यावरच थंड व्हायचं. याचा शेषरावला फार तोरा. नळावर बायांची भांडणं लागली की तो ओट्यावरून ओरडे, "मायी गाडी पाहा! थेंबभर पाणी मांगत नाही कोणाले!"

पण पाणी नाही म्हणून ऊबही नाही. दुसऱ्या मोटारीत इंजिनाच्या गरम पाण्यावर हवा तापवतात. इथं इंजिनाचा धूर ज्या नळीतून जातो तिच्याभोवती पत्र्याचा डबा बसवायचा. मधल्या जागेत हवा तापते आणि गाडीत पायाशी येते. मला हे कळेना, तर त्यानं आमच्या न्हाणीतला बंब दाखवला. "आतमंदी नळी, भवताल पाणी. तसंच हे, वैनी. पाण्याच्या जागी हवा." बंबावरून मला पटकन कळलं. हेही कळलं, की आतली नळी फुटली तर बंबाचं पाणी निखाऱ्यावर सांडतं, आणि गाडीतला धूर माणसांच्या नाकात जातो.

हे वेड त्याला कुठून लागलं, ते सांगते. माझी कुसुम चिखलदऱ्याला दिलेली. जावई जंगलखात्यात. आधल्या हिवाळ्यात तिचं पहिलं बाळ पंधरा दिवसांचं असताना आजारी पडलं. बसनं खाली अमरावतीला आणलं. बसच्या काचा धड नाहीत, घाटात बोचरं वारं. दवाखान्यात पोचेपर्यंत पोर निळं पडलं होतं. गेलं. शेषराव तेव्हा माती द्यायला आला होता. महिन्याभरात अंगणात गाडी उलटीपालटी सुरू झाली. आषाढात कळलं, कुसुमला पुन्हा दिवस गेले. मग मी हसणं बंद केलं.

गाडीची मूळची जोडी गंजून चाळण झाली होती. इंजिनाच्या दोन बाजूंना दोन डबे, म्हणून तो जोडी म्हणे आणि बैलजोडीसारखीच पारखे. वाजवायचा, उचलायचा, आत बोट घालून चाचपायचा. मुंबईहून एक नवी कोरी जोडी मागवली. ताटासारखी चकचकीत. अकोल्याच्या भंगारवाल्याकडून दुसरी आणली, ती तशाच एका मोडक्या गाडीची. काळी, जड, दिसायला रेड्याच्या डोक्यासारखी. पण तिच्या नळीला भोवताल लोखंडी पाती होती. पाती तापतात आणि ऊब धरून ठेवतात, असं त्याचं म्हणणं.

आता गळती शोधायची. तर तपकिरीनं याचं नाक मेलेलं. हिंग आणि हळद याला एकच. म्हणून मला बोलावणं यायचं. "वैनी, नाक घेऊन या!"

तो नळीचं एक तोंड बुजवी, दुसऱ्यातून लिंबाच्या पाल्याचा धूर भात्यानं आत मारी, आणि मी बाहेरच्या डब्याशी वाकून हुंगायचं. मुंबईची जोडी हुंगली. धूर! अकोल्याची हुंगली. धूर! दोन्ही बाद. शेषराव डोक्याला हात लावून बसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वैनी, सैपाक झाला काय?"

"कवाचाच."

"मंग धूर तुमच्या लुगड्याले हाय!"

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, चुलीपाशी न जाता वैनींनी यायचं. ओले केस सोडून मी त्या डब्यांपुढं वाकलेली, समोर धूर निघतोय, हे बघून दोन म्हाताऱ्या बाहेरूनच हात जोडून गेल्या.

न्हाऊन हुंगल्यावर दोन्ही जोड्या चोख निघाल्या. मी म्हटलं, चकचकीत घ्या. "थांबा," तो म्हणाला. दोन्ही भट्टीत तापवल्या आणि पुन्हा धूर मारला. मुंबईवालीचा सांधा उकलला होता. "थंडपणी सारेच गुणाचे, वैनी. तापल्यावर कयते." हे तो जावयांबद्दलही म्हणे आणि पुढाऱ्यांबद्दलही.

काळी जोडी ठरली. पण त्याचं समाधान होईना. म्हणाला, "त्या धुरात एक हवा असते. तिले ना रंग, ना वास. माणूस झोपते, मंग उठत नाही. तुमचं नाकबी तिच्यापुढं हारते."

"मंग ते कसं पाहाचं?"

"पाहू," म्हणून त्यानं तपकीर ओढली.

कुसुमला प्रवासाचे धक्के बसू नयेत असं दाईनं सांगितलं, म्हणून तिला माहेरी आणता आलं नाही. मीच वर गेले. बाळ पौषातच आलं, महिनाभर आधी. मुलगी. पेरूएवढं डोकं, ओढून दूध प्यायचं बळ नाही. दाई म्हणाली, मोठ्या दवाखान्यात न्या, पण गार लागू देऊ नका. बस डोळ्यांपुढं आली. खाली जाणाऱ्या ड्रायव्हरजवळ शेषरावला निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी. अख्खा चिखलदरा घोंगड्या पांघरून बसलेला, आणि शेषराव बाहेर निघाला तो घामानं निथळत. सदरा पाठीला चिकटलेला. मला वाटलं, ताप आला.

कुसुमला आणि बाळाला घेऊन मी आत बसले. पायाशी अशी ऊब, जशी बाळंतिणीच्या खोलीत शेगडीची. काच थोडी उघडायला गेले तर फटीत कापूस. जिनिंगचाच, ठासून भरलेला. दारांच्या फटीतही तेच.

"हे काय जी?"

"काढून टाका आता. येताना बुजवला होता. सगया काचा बंद, हीटर पुरा उघडा, अमरावती ते इथवर. म्हटलं, ते बिनवासाची हवा असन तर समजन."

"अन् असती मंग?"

"मंग गाडी इथं आली नसती." त्यानं गाडी चालू केली. "माया मागं रडाले कोण हाय? दुसऱ्या कोणाले बसवू?"

मी फटींतला कापूस उपसून काढला. मांडीवर लेकरू होतं. घाट उतरताना दर वळणाला मी त्याच्या तळपायाला हात लावून पाहत होते. परतवाडा आला, पाय गरम. अमरावती आली, पाय गरम. डॉक्टरीणबाईंनी दुपटं उघडून हात लावला आणि म्हणाल्या, "बरं आणलंत हो." ती पोर आज चार लेकरांची आई आहे.

बाळाला आत घेतल्यावर मी बाहेर आले. शेषराव गाडीला टेकून उभा होता. मी सरळ जाऊन म्हटलं, "भाऊजी, तुमच्या मागं रडाले मी हाव. चांगली छाती पिटून रडीन, गल्ली गोळा करीन. पुन्हा असा कापूस भरून पाहा, मंग सांगते तुमाले."

तो गाडीच्या मागं गेला, इंजिनाचं झाकण उघडलं आणि वाकून कितीतरी वेळ आत बघत राहिला. इंजिनाला काहीएक झालं नव्हतं.