डब्याची उंची

"चालत्या डब्यात कुणीही बसणार नाही, हे आधी ठरलं. आणि थांबलेल्या डब्यात गंधालीने झोपायचं असेल तर तीन कामं करावी लागतील, बाबा," असं म्हणून चेतनाने मोबाइलमधली यादी उघडली.

सासऱ्यांनी, म्हणजे धोंडिराम खरातांनी, चहाची बशी खाली ठेवली. सुनेची यादी ऐकताना हात मोकळे असलेले बरे, हे ते गंधालीच्या जन्मापासून, म्हणजे गेल्या चौदा महिन्यांत, शिकले होते. मागच्या यादीत घरातल्या एकूण एक टोकाला रबर बसलं होतं. त्यातून त्यांच्या चष्म्याची डबीसुद्धा सुटली नव्हती.

"एक, डबा डावीकडे कललाय. मी आत चेंडू ठेवून पाहिला. कुठेही ठेवा, डाव्या कोपऱ्यातच जातो. पोरगीपण तशीच जाईल. दोन, काल दुपारी आत एक्केचाळीस डिग्री होतं, थर्मामीटर ठेवला होता मी. आणि तीन, वायरिंग. एका जोडाला तर जखमेवर लावायची पट्टी लावलीय!"

"ती आकाशने लावली होती. सहावीत होता तेव्हा," धोंडिराम कौतुकाने म्हणाले.

"टिकली ना पण?" आतून मालनबाईंनी नवऱ्याची आणि मुलाची, दोघांचीही बाजू एकदम घेतली.

डबा म्हणजे मुलुंड पूर्वेच्या श्रमसाफल्य सोसायटीच्या मागच्या अंगणात उभा असलेला पत्र्याचा, दोन चाकांचा ट्रेलर. आत दोन लांब बाकडी, एक ओटा, एक खिडकी. जीपच्या मागे हुकाला अडकवायचा आणि निघायचं. विक्रोळीच्या एका कारखान्यातल्या फिटर मंडळींनी मिळून ही सोसायटी बांधली, आणि तिचा गिलावा वाळायच्या आत धोंडिरामांनी भंगारातल्या पत्र्याचा हा डबा जोडला. त्यातून वेरूळ झालं, नागपूरला दीक्षाभूमी झाली, तीन लग्नांची वऱ्हाडं गेली. आकाशला, म्हणजे चेतनाच्या नवऱ्याला, पहिला दात डब्यात आला आणि गोवरही डब्यातच आला. घाटात जीप दमली की सगळे उतरून ढकलायचे आणि वर पोचल्यावर मालनबाई स्टोव्ह पेटवून पोहे टाकायच्या. त्या पोह्यांची चव पुन्हा कधी आली नाही, यावर सोसायटीत एकमत होतं. एरवी तिथे पाण्याच्या वेळेवरही एकमत होत नसे.

आता सोसायटीच पडायची होती. पुनर्विकास. रविवारी दुपारी बारा वाजता बिल्डरला ताबा, त्यानंतर आवारात जे उरेल ते त्याचं. म्हणजे डबा उरला तर गॅसकटरने तुकडे होऊन देवनारच्या वाटेला. पण धोंडिरामांचे जुने दोस्त अँथनी डिमेलो यांच्या चुलत भावाची उत्तनला वाडी होती. तिथे चिंचेखाली डब्याला कायमची जागा मिळाली होती. तिथे पोचवायचा आणि पहिल्याच रात्री नातीला त्यात झोपवायचं, एवढी एकच इच्छा धोंडिरामांनी बोलून दाखवली होती. बत्तीस वर्षं नोकरी करून माणसाने एवढंच मागितलं, म्हणून चेतना नाही म्हणू शकली नाही. तिने यादी केली.

कामाला तिघे लागले. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, धोंडिरामांकडे. थंडाव्याचं काम अँथनीकडे, कारण कारखान्याचा कूलिंग प्लँट त्यांनी सांभाळला होता. आणि वायरिंग बाळ मयेकरांकडे. मयेकर मूळचे मालवणचे. हयातभर त्यांनी कारखान्याच्या मेन स्विचवर राज्य केलं होतं. तिघांचा एक शिरस्ता होता, कारखान्यात भिनलेला: दुसऱ्याच्या डिपार्टमेंटमध्ये नाक खुपसायचं नाही. प्रश्नही विचारायचा नाही. विचारला तर युनियनमध्ये विषय जायचा.

चेतना रोज दहा वाजता गंधालीला कडेवर घेऊन चहा द्यायला जायची आणि एकेक शंका ठेवून यायची.

"बाबा, एक पाटा तुटला तसा दुसरा तुटला तर?"

"तुटतोय कसा? सात होते, अकरा घातले. खाली ठोकळा दिला. हत्ती नाचव आता!"

"अँथनीअंकल, एसी खिडकीत नको हं. पोरगी बोटं घालेल."

"नो टेन्शन, बाय. छपरावर बसवतो. बॅटरीवर चालणारा आणलाय कुर्ल्याहून. एकदम झकास."

"मयेकरकाका, बॅटरी संपली आणि एसी बंद पडला तर?"

"अगो, म्हणून तर सोलर! पण पॅनलावर ऊन पडूक होया आणि एसीवर पडता नये. तेव्हा एसीच्या डोक्यावर अँगलची चौकट आणि चौकटीवर पॅनल. पॅनलाक ऊन, एसीक सावली. डोकं लागतं त्याला!"

"आणि हायवेवर उडून कुणाच्या अंगावर पडलं तर?"

मयेकरांनी तिच्याकडे आदराने पाहिलं. असा प्रश्न त्यांना कारखान्यातल्या साहेबांनीही कधी विचारला नव्हता. त्यांनी त्याच दुपारी सगळे नट जागच्या जागी वेल्ड करून टाकले.

सहा आठवड्यांत डबा असा झाला की येणारा-जाणारा थांबायचा. चेंडू मधोमध उभा राहिला. थर्मामीटर चोवीसवर आला. वायरी नळीतून अशा गेल्या की दिसेचनात. चेतनाने स्वतः टेप घेऊन सगळं मोजलं: बाकड्याची रुंदी, कठड्याच्या गजांमधलं अंतर, सॉकेटची जमिनीपासूनची उंची. वहीत तारखेसह लिहिलं. एरवी रात्री दोनदा उठून गॅसचा कॉक बघणारी ती शनिवारी सलग सहा तास झोपली.

रविवारी सव्वादहाला आकाशने मित्राची जीप लावली, डबा हुकाला अडकवला आणि सोसायटीच्या फाटकाशी आणला. फाटकावर लोखंडी कमान होती, 'श्रमसाफल्य' अशा गंजक्या अक्षरांची. डबा कमानीपाशी आला आणि टण्ण आवाज झाला.

"काय रे वाजलं?" धोंडिरामांनी विचारलं.

पॅनल कमानीला टेकलं होतं. टेकलं म्हणजे चांगलं तीन इंच वर जाऊन आडवं आलं होतं.

तिघे एकदम बोलले.

"माझे पाटे फक्त चार इंच!"

"माझा एसी फक्त नऊ!"

"माझी चौकट तीन! तीन इंचान कोण अडता रे?"

"एकूण किती होतात ते कुणी बघितलं?" आकाशने विचारलं.

"एकूण कुठल्या डिपार्टमेंटला येतं?" अँथनी खऱ्या कुतूहलाने म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा हळूहळू चेतनाकडे वळल्या. चेतनाने वही उघडली. आतलं प्रत्येक माप तिथे होतं, मिलिमीटरसकट. बाहेरची उंची नव्हती. गंधाली बाहेर झोपणार नव्हती ना!

"पॅनल काढा," ती कसंबसं म्हणाली.

"नट वेल्ड केलेत. तूच सांगितलंस," मयेकर म्हणाले. "कापूक ग्राइंडर होयो. आणि बिल्डिंगची लाइट सकाळीच कापून गेले."

"डब्याच्या बॅटरीवर चालवा मग!"

"ग्राइंडर लावलंस तर इन्व्हर्टर जळतलो. मी नाही लावूचंय."

"मग कमान काढू या," आकाश म्हणाला. "दोन बोल्ट तर आहेत."

"खबरदार!" सेक्रेटरी सुनंदा नाबर फाईल छातीशी धरून पुढे आल्या. "ताब्याच्या यादीत सही झालीये माझी. आयटम सतरा, लोखंडी कमान, एक नग. सुस्थितीत."

"अहो सुनंदाताई, परवा अख्खी बिल्डिंग पाडणार ते!"

"त्यांनी पाडू दे. मी वाकडी करून देणार नाही. एकोणीस वर्षं सेक्रेटरी आहे, शेवटच्या दिवशी नावाला बट्टा नकोय मला."

अकरा वाजले. चाकांतली हवा काढली. डबा दीड इंच खाली बसला, उरला दीड इंच. मयेकरांनी अँथनीला सुनावलं, अँथनींनी धोंडिरामांना, आणि धोंडिराम डब्याच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. ते चेतनाला बघवेना. तिने मागितलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी मन लावून केली होती. एकदाही 'एवढं कशाला' म्हणाले नव्हते. आणि तिच्या काळजीच्या तीन कलमांनी त्यांचा डबा बारा वाजता भंगारात निघणार होता.

एव्हाना बाहेर रस्त्यावरच्या टेम्पोंत सामान भरून थांबलेली सगळी बिऱ्हाडं फाटकाशी जमली होती. कुणी ठाण्याला भाड्याच्या घरात चाललं होतं, कुणी डोंबिवलीला, कुणी मुलाकडे पुण्याला. मालनबाईंचे गुडघे दुखायला लागले. "तुमचं चालू दे, मी टेकते जरा," म्हणून त्या डब्यात चढल्या आणि बाकड्यावर बसल्या.

आणि चेतनाला दिसलं. पॅनलची कड खाली आली होती. चिंचोक्याएवढीच. दुसऱ्या कुणाला दिसली नसती, पण झोपलेल्या मुलीचा श्वास लांबून मोजणाऱ्या बाईला ती दिसली.

"आई, उठू नका!" ती ओरडली. "अजून कोण आहे? चढा! सगळे चढा आत!"

"माझे पाटे माणसांनी दबत नसतात," धोंडिराम दुखावून म्हणाले. "अकरा आहेत."

"बाबा, आज दबू दे हो!"

आधी अँथनी चढले. मग मयेकर, "सरक मेल्या" म्हणत. मग तळमजला, मग पहिला मजला. चौथ्या मजल्यावरचे दोन भरभक्कम भाऊ चढले तेव्हा डबा कण्हला आणि धोंडिरामांचा चेहरा एकाच वेळी पडला आणि उजळला. चेतना खाली उभी राहून हिशेब ठेवत होती. "अजून अर्धा इंच! मागे नका बसू, चाकावर, चाकावर सरका! सुनंदाताई, तुम्ही?"

"मी? मी ताबा द्यायला थांबलेय."

"पावणेबारा झालेत ताई. डबा कमानीतच अडकला तर आयटम सतरा सुस्थितीत कसा देणार?"

सुनंदाताईंनी यादीकडे पाहिलं, कमानीकडे पाहिलं आणि फाईल काखेत मारून त्या चढल्या. आता दाभणाएवढी फट कमी पडत होती. हमाल गेले होते, टेम्पोंचे ड्रायव्हर नाक्यावर चहाला. आकाश जीपच्या स्टिअरिंगवर होता, धोंडिराम इशाऱ्याला हवेच होते. सोसायटीत आता माणूसच उरलं नव्हतं.

"सूनबाई," धोंडिराम हळूच म्हणाले. "तू राहिलीस. आणि ती."

चेतनाने गंधालीला घट्ट धरलं. चालत्या डब्यात कुणीही बसणार नाही, हे तिचं पहिलं कलम होतं. तिने कमानीकडे पाहिलं, सासऱ्यांच्या पत्र्यावरच्या हाताकडे पाहिलं आणि पायरी चढली. आत बावीस माणसं होती आणि बावीसच्या बावीस हातांनी गंधालीला धरलं.

"ये... ये... ये... हळू, आकाश, नात आहे आत... ये!"

वर खर्रर्र झालं. पॅनलच्या चौकटीने कमानीच्या पोटावरचा गंज बोटभर रुंदीत खरवडून काढला. मग आवाज थांबला. डबा रस्त्यावर होता. पन्नास फुटांचा प्रवास झाला होता, आणि धोंडिराम खिडकीशेजारून डोळे पुसत चालत होते, बहुधा गंज गेला असावा.

मागे, बाराच्या ठोक्याला आलेल्या बिल्डरच्या माणसाने फाटकाला साखळी घातली. कमान मोजली. आयटम सतराला टिक केली.

धोंडिरामांनी चाकांत हवा भरायचा पंप काढला आणि दारावर थाप मारली. "उतरा आता! हवा भरायचीय. बोजा उतरल्याशिवाय कशी भरू?"

चेतनाने दार उघडलं आणि ते तिने आत वळून सांगितलं. कुणी हललं नाही. अँथनींनी एसी सुरू केला होता. मयेकरांनी दिवे लावले होते, भर दुपारी, फक्त दाखवायला. मालनबाई कुणाला तरी घाटातल्या पोह्यांत काय घातलं होतं ते सांगत होत्या, आणि चौथ्या मजल्यावरचे भाऊ मान्य करत नव्हते. गंधाली तिसऱ्याच कुणाच्या मांडीवर झोपून गेली होती. बाहेर पाच टेम्पो पाच दिशांना तोंडं करून उभे होते.

"अहो, उतरायचंय ना..." चेतना म्हणाली, पण तिचाच आवाज तिला पटला नाही.

कोपऱ्यातून, फाईल डोक्याखाली घेऊन पाय पसरून बसलेल्या सुनंदाताईंनी डोळे न उघडता सांगितलं, "दार लाव गं. गार हवा जातेय बाहेर."

चेतनाने खाली वाकून सासऱ्यांच्या हातातला पंप घेतला आणि रस्त्याच्या कडेला ठेवला. त्यांचा हात धरून त्यांना आत ओढलं. सुनंदाताईंच्या पायाशी वीतभर जागा निघाली.

मग तिने दार लावलं. आतून.