रोज आठ वाजता मरणारे आबा

आमच्या शेजारचे आबा रोज सकाळी आठ वाजता मरायला टेकतात. सणवार नाही, सुट्टी नाही. पेरूच्या झाडाखाली उभे राहतात, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात फोन, आणि कसबा बावड्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू करतात, "पूनम, मी काय आता वाचत न्हाई बघ. अंथरुणाला खिळलोय. जेवण जात न्हाई. घर खायला उठतंय. कोण विचारत न्हाई." पलीकडून त्यांची गारगोटीला दिलेली एकुलती एक लेक स्पीकरवर सांगते, "माझंबी काय खरं न्हाई आबा. सासूनं दोन दिस उपाशी ठेवलंय." आबा समाधानानं मान हलवतात, चहाचा घोट घेतात, "बरं, ठेवू मग?" म्हणतात आणि फोन नेऊन तांदळाच्या डब्यात ठेवतात.

दोन वर्षांपूर्वी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अर्ध्या दाढीनिशी धावत गेलो होतो. एका गालावर फेस, खांद्यावर टॉवेल. आबा पेरू तोडत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "काय पावणं, काय झालं? घरात सगळी बरी हायत न्हवं?" मी मूळचा साताऱ्याचा. इथं येऊन नऊ वर्षं झाली, कॉलेजच्या ऑफिसात अर्धी गल्ली माझ्याकडून दाखले घेऊन गेली, तरी या माणसाच्या लेखी मी पावणाच. त्या दिवशी मी इतका चिडलो की उरलेली दाढी करताना गाल कापून घेतला.

मग खुलासा झाला. आबांचा नियम साधा आहे. फोनवर खरं बोलायचं नाही. जे असेल त्याच्या उलटं बोलायचं. "मेलो" म्हटलं की ठणठणीत, "सासू छळते" म्हटलं की सासू जीव लावते. हे सगळं ते गारगोटीला स्वतः जाऊन, लेकीला समोर बसवून सांगून आले. लेकीनं हसत हसत मानलं. तिची सासूही बाई गमतीदार निघाली. कधी कधी मागून तीच सुचवते, "सांग गं, आज पोरीला लाटण्यानं बडवलं म्हणून."

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा सटकलाय. मीही म्हणत होतो. पण आबा तीस वर्षं साखर कारखान्यात काट्यावर होते. उसानं भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी तोलायची, मधलं जे उरेल तो ऊस. असा माणूस उगीच काही धरत नाही. आजही बाजारातून वांगी आणली तरी म्हणतात, "आधी तोलून बघू." त्यांनी एकदाच न तोलता विश्वास ठेवला, आणि तो फोनवर ठेवला.

त्याचं असं झालं. आबांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. एका सकाळी दहा वाजता व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी कपड्यातला माणूस, मागं कसला तरी बोर्ड. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय म्हणाला, त्यात भलतंच काही सापडलंय, चौकशी संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. आबा हलले नाहीत. दहा ते चार, सहा तास त्या खुर्चीत बसून होते. पाणी पिऊ का, म्हणून विचारत होते. माझी बायको दुपारी वाटीभर आमटी घेऊन गेली, तर यांनी नुसत्या डोळ्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं. ती घरी येऊन म्हणाली, आबांच्या डोळ्यात काहीतरी भलतंच दिसलं. मी जेवत होतो. मी म्हटलं, झोप झाली नसेल. याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

चार वाजता फोनची बॅटरी संपली, म्हणून सुटका झाली. खात्यातले पैसे काही गेले नाहीत. पण त्या सहा तासांत त्या माणसानं जे विचारलं ते आबांनी सगळं सांगितलं होतं. घरात कोण? कोणी नाही. बायको? वारली. मुलगी कुठं? गारगोटीला. कुठली गल्ली, जावई कामाला किती वाजता जातो, मागं घरात कोण असतं, सगळं. आयुष्यभर खरं बोललेला माणूस, विचारेल त्याचं उत्तर देत गेला.

"मला धरून नेलं असतं तर परवडलं असतं पावणं," संध्याकाळी ते मला म्हणाले. "पोरीचं घर मी दाखवलं की त्यास्नी."

पोलिसांत तक्रार झाली, सगळ्यांनी समजावलं, असले लोक शंभर जणांना फोन करतात, कोण गारगोटीला जातोय. आबांनी ऐकून घेतलं आणि घरी जाऊन फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. मग काही महत्त्वाचं बोलायचं झालं की फोनला कानटोपी घालायला लागले. मग तांदळाचा डबा आला. आणि मग पैलवान आले.

पैलवान म्हणजे, फोन ऐकतोय असा संशय आला की आबा त्याच्याजवळ जाऊन मोठ्यानं म्हणतात, "काय पैलवान, जेवला काय दोघंबी?" आणि स्वतःच घोगऱ्या आवाजात "व्हय" म्हणतात. घरात कुस्तीतले दोन भाडेकरू आहेत असं ऐकणाऱ्याला वाटावं म्हणून. एकदा मी तिथं होतो तर मला कोपरानं ढोसलं. माझं वजन बावन्न किलो. तरी मी जमेल तेवढ्या खर्जात "व्हय" म्हटलं आणि मला खोकला आला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, आबा, एकीकडं तुम्ही मरायला टेकलाय आणि दुसरीकडं घरात दोन पैलवान, कुणालाही शंका येईल. "येऊ दे की," आबा म्हणाले. "गोंधळ उडायलाच पायजे."

मी हसायचो. मग एक दिवस बायकोच्या गुडघ्याबद्दल आम्ही स्वयंपाकघरात बोललो, नुसते बोललो, आणि अर्ध्या तासात माझ्या फोनवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली. आबांना दाखवलं तर ते आत जाऊन त्यांची जुनी कानटोपी घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. तेव्हापासून आमच्या घरातही महत्त्वाचं बोलणं न्हाणीघरात, नळ सोडून होतं. लाज कसली, मी घाबरट आहेच.

तर गेल्या महिन्यात एका सकाळी मी दाढीला बसलो होतो. आठ वाजले. आबांचं मरण सुरू झालं. अंथरूण झालं, जेवण झालं, घर खायला उठून झालं. आता पूनमची सासू काय करते याची मी वाट बघत होतो. तर पूनम हळू आवाजात म्हणाली, "आबा, मी मजेत हाय. मला काय त्रास न्हाई. सगळी चांगली हायत."

माझा वस्तरा गालावरच थांबला. बाहेर कप फुटल्याचा आवाज झाला. मग आबांचा आवाज आला, कधी ऐकला नव्हता असला बारीक. "मीबी बरा हाय, पोरी." आणि फोन बंद झाला.

मी बाहेर आलो तर आबा चप्पल शोधत होते आणि चप्पल पायातच होती. कप खाली पडून फुटला होता. "पावणं, गाडी काढा," एवढंच म्हणाले.

माझी गाडी म्हणजे जुनी, चौथ्या गियरला कण्हणारी. कळंब्याच्या पुढं आलो. आबा मांडीवर दोन्ही हात पालथे ठेवून समोर बघत होते, जसे त्या दिवशी खुर्चीत बसले असतील तसेच. मी म्हटलं, फोन लावून बघू या. "फोनवर खरं कोण सांगणार?" ते म्हणाले. तरी मी गाडी कडेला घेऊन माझ्या फोनवरून पूनमला लावला. पूर्ण रिंग वाजून बंद झाला. जावयाला, संदीपला लावला. तोही वाजून बंद. आता माझी पाचावर धारण बसली. दोन वर्षं मी ज्या नियमाला हसत होतो, त्याच नियमानं माझ्या डोळ्यासमोर चित्रं यायला लागली. कोणीतरी घरात शिरलंय, तिच्या शेजारी उभं आहे, आणि तिला बोलायला लावतंय, मजेत हाय म्हण. 

"मी घर दाखवलं त्यास्नी," आबा मधेच म्हणाले. मग परत तेच म्हणाले. पुढं मी मोजायचं सोडून दिलं.

मुदाळ तिट्ट्यावर पोचलो. तिथं रस्ते फुटतात, एसटीसाठी माणसं उभी असतात. आणि त्या माणसांत पूनम उभी होती. हातात बॅग, केस विस्कटलेले, डोळे लाल. आबांनी चालत्या गाडीचं दार उघडलं. मी ब्रेक दाबला म्हणून बरं. ते तसेच धावत सुटले. आणि तिनं बघितलं काय, तर बाप शेजाऱ्याच्या गाडीतून येतोय, शेजाऱ्याच्या तोंडाला अर्धा फेस वाळलाय, म्हणजे दवाखान्यात न्यायलाच निघालेत. ती "आबा" म्हणून किंचाळली आणि तिनं त्यांना मिठीच मारली. दोघं एकमेकांना चाचपत होते. "कुणी मारलं तुला?" "कुठं दुखतंय तुम्हाला?" एसटीची माणसं गोळा झाली. एक आजी तर पदर डोळ्याला लावून रडायलाही लागली, कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं.

शेजारच्या हॉटेलात चहा घेताना उलगडा झाला. पूनमच्या नणंदेला बघायला पाहुणे आले होते, मुक्कामाला होते. पाहुण्यांच्या पुढ्यात, पोह्याचा ट्रे हातात धरून, सासू मला उपाशी ठेवते असं ती कसं म्हणणार? मोडलंच असतं की नणंदेचं. म्हणून पोरीनं सरळ खरं ते सांगितलं. आबा समजून घेतील असं तिला वाटलं. पण पलीकडून "मीबी बरा हाय" आलं आणि तिनं ट्रे तिथंच ठेवला. सासू म्हणाली, "तू जा, पोह्याचं मी बघते." बॅगेत दोन कपडे कोंबले, फोन ओट्यावर राहिला, संदीपनं गाडी काढली आणि तिट्ट्यावर येऊन क्लचची वायर तुटली. संदीप दुरुस्त करून काळ्या हातांनी आला, तेव्हा त्याच्या खिशातल्या फोनवर माझा मिस कॉल होता.

जीव भांड्यात पडला. मी हसलो, संदीप हसला, हॉटेलवाला कशाला ते न कळून हसला. पूनमही डोळे पुसत हसली आणि मग एकदम थांबली.

"आबा, मी पाहुण्यांमुळं बोलले. पण तुमच्याजवळ तर कोण नव्हतं. तुम्ही का म्हणालात, बरा हाय म्हणून?"

आबांनी बशी खाली ठेवली.

"घाबरलो. बरा न्हवतो, म्हणून बरा हाय म्हटलं. तोंडातनं नियम सुटला न्हाई," ते म्हणाले. मग आवाज आणखी उतरला. "पण पोरी, रोजचं जे बोलतोय न्हवं मी सकाळी, ते काय उलटं नसतंय. अंथरुणाचं सोड. घर खायला उठतंय ते खरंच हाय. जेवण जात न्हाई, त्ये बी. तुम्ही उलटं धरताय, म्हणून मला ते म्हणता येतंय."

दोन वर्षं रोज सकाळी एक माणूस गल्लीभर ओरडून सांगत होता की मी एकटा आहे, आणि मी पलीकडं दाढी करत हसत होतो. मला माझी शरम वाटली, अगदी मनापासून वाटली.

पूनमनं बॅग उचलली आणि माझ्या गाडीत नेऊन ठेवली. "काका, गाडी वळवा," म्हणाली. आठ दिवस राहिली. आबांच्या घरातून फोडणीचा वास यायचा, भांडी वाजायची, बापलेकीचं पेरूवरून भांडण व्हायचं. फोनची कानटोपी तिनं धुऊन वाळत घातली होती. मग संदीप आला आणि तिला घेऊन गेला. नणंदेचं जमलं होतं, घरात कामं होती.

दुसऱ्या दिवशी मी दाढीला बसलो. आठ वाजले. "पूनम," पेरूखालून आवाज आला, "घर खायला उठतंय बघ. कोण विचारत न्हाई."

मी उठलो. अर्धी दाढी तशीच ठेवून, टॉवेल खांद्यावर टाकून आबांचं फाटक उघडलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग फोनमध्ये म्हणाले, "ठेवतो गं. पावणं आल्यात." आणि माझ्यासाठी खुर्ची सरकवली.