चिखलाचा रकाना

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. शलमोन मास्तर अकरा वर्षं प्रत्येक ग्रामसभेत उभे राहून म्हणायचे, "भाऊसाहेब, माझा विरोध नोंदवा." मी मान खाली घालून पेन हलवायचो आणि म्हणायचो, "नोंदवला, मास्तर." त्या अकरा वर्षांत मी त्यांचा एकही विरोध नोंदवलेला नाही. कित्येकदा तर पेनाचं टोपणही काढलेलं नसायचं.

मी ग्रामसेवक आहे. पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगराळ ग्रामपंचायतीत. नाव सांगत नाही, एवढी भीती अजून शिल्लक आहे. बिऱ्हाड बिरवाडीला, तिथून रोज एसटीने येऊन-जाऊन. ग्रामसेवकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात. म्हणायला गावाचा भाऊ, ऐकायला तालुक्याच्या साहेबाचा, आणि कामापुरता सरपंचाचा.

शलमोन मास्तर मूळचे आमच्याकडचे नव्हेत. नगरकडचे, ख्रिस्ती. तरुणपणी इथल्या शाळेवर बदलून आले, त्यांची बायको, जिला गाव बाई म्हणायचं, आरोग्य उपकेंद्रात नर्स. निवृत्त झाल्यावर बदलीवाले लोक सामान ट्रकात घालून जातात, तसे हे गेलेच नाहीत. गावात ख्रिस्ती घर एकच, आणि बाई वारल्यावर त्या घरात माणूसही एकच. शलमोन हे नाव काही इथल्या जिभांना वळलं नाही. गाव त्यांना गुर्जी म्हणतं.

तर हे गुर्जी ग्रामसभेला दोन पिशव्या आणि एक छत्री घेऊन यायचे. एका पिशवीत बायबल, दुसरीत राज्यघटना. बाकी लोक ग्रामसभेला चहासाठी यायचे, तेही चहा झाला की जायचे. मास्तर ठरावासाठी यायचे. बगलेत शाळेचं जुनं हजेरीपत्रक. मुलांच्या नावांच्या जागी त्यांनी गावात येणारे प्रस्ताव लिहिले होते आणि पुढे तीन रकाने आखले होते : शास्त्र, घटना, चिखल. प्रत्येक प्रस्ताव तिन्ही रकान्यांत पास झाला तरच त्यांचा हात वर व्हायचा.

पहिले दोन रकाने समजत होते, ते त्या दोन पिशव्यांतलेच. तिसरा मला बरीच वर्षं कळला नव्हता. कुठलीही योजना आली की मास्तर आधी त्या जागेवर पायी जाऊन यायचे, तेही पावसाळ्यात. मग सभेत लेंगा वर करून पाय दाखवायचे. "घोट्यापर्यंत," म्हणजे काम होण्यासारखं आहे. "पोटरीपर्यंत," म्हणजे इंजिनियरने पुन्हा बघावं. "गुडघ्यापर्यंत," म्हणजे हा कागद तालुक्यात पंख्याखाली बसून लिहिलेला आहे.

एकदा ज्येष्ठ नागरिकांसाठी व्यायामाची यंत्रं बसवायची योजना आली. धारेच्या वाडीत, म्हणजे गावाच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या आठ घरांत. मास्तर उठले.

"शास्त्राची हरकत नाही. घटनेचीही नाही. चिखलाची आहे. काल मी वाडीत जाऊन आलो. साठी ओलांडलेल्या सहा बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढण चढताना दिसल्या. व्यायाम पुरेसा होतो आहे. त्यांना नळ द्या. माझा विरोध नोंदवा, भाऊसाहेब."

"नोंदवला, मास्तर."

यंत्रं आली. महिन्याभरात त्यांवर गोधड्या वाळू लागल्या. नळ आला नाही.

दुसऱ्या वेळी पाण्याच्या पाइपासाठी चर खणून ठेकेदार गायब झाला. मास्तरांनी सभेत सांगितलं की, बायबलातल्या मोशेच्या नियमशास्त्रात याची तरतूद आहे : जो खड्डा खणून उघडा ठेवील, त्याने त्यात पडलेल्या बैलाची भरपाई करावी.

सरपंच अण्णांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "ह्यो मोशे कुठला ठेकेदार, गुर्जी? महाडचा काय?"

सभा हसली. मीही हसलो. पुढच्या आठवड्यात त्या चरात अण्णांचीच बुलेट गेली आणि अण्णांचा हात गळ्यात आला. मास्तर केळी घेऊन भेटायला गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "तिथे बैलाचंच लिहिलंय, बुलेटचं नाही. पण तत्त्व तेच." अण्णांनी केळी खाल्ली आणि मास्तरांवरचा राग कायमचा मनात ठेवला.

लोक सोयरिकी जुळवतानासुद्धा गंमत म्हणून त्यांना विचारायचे. ते गंमत म्हणून सांगत नसत. "शास्त्रात पास. घटनेत मुलीला विचारलं का ते कळवा. चिखलात नापास, कारण मुलीच्या माहेरची एसटी पावसात चार महिने बंद. पोर आईला भेटणार कशी?" दोन-तीन लग्नं त्यांनी अशी लांबवली. एक मोडलंही. त्या पोरीने नंतर मुंबईहून त्यांना स्वेटर पाठवला. आमच्याकडे स्वेटर घालण्यासारखी थंडी चार दिवस पडते. मास्तर तो चारही दिवस घालतात.

आता माझ्याकडे येतो. फार वेळ त्यांच्याआड लपलो.

ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक कसं लिहितात हे बाहेरच्यांना माहीत नसतं. सभा दुपारी असते, ठराव सकाळीच लिहिलेला असतो. सरपंचाच्या ओसरीवर चहा पिताना सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं ठरतं. शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं : ठराव सर्वानुमते मंजूर. सभेत राहतात फक्त सह्या आणि अंगठे. मी काही वेगळं करत नव्हतो. माझ्या आधीचे भाऊसाहेब असंच करायचे. मास्तर बोलायला उभे राहायचे तेव्हा त्यांच्या विरोधाला त्या पानावर जागाच उरलेली नसायची.

असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे समास मोकळाच असायचा.

धारेच्या वाडीच्या वर डोंगराला भेगा गेल्या. ती आठ घरं हलवायचं ठरलं, सरकारने जागा मागितली. अण्णांनी ओढ्याकाठचं सपाट रान सुचवलं. ते त्यांच्या मेव्हण्याचं होतं. रस्त्याला लागून, ट्रक थेट आत जाईल असं. मास्तर ऑगस्टात तिथे जाऊन आले. पंधरा ऑगस्टच्या सभेत ते आले तेव्हा त्यांचा लेंगा कमरेपर्यंत माखलेला होता. झेंडावंदनाला धुतलेला घालून यायला हवं होतं म्हणून लोक कुजबुजले.

"हा रकाना पहिल्यांदाच गुडघ्याच्या वर गेला," मास्तर म्हणाले. "शास्त्रात वाळूवर घर बांधणाऱ्याला मूर्ख म्हटलं आहे."

"वालू कुठं हाय तिथं, गुर्जी?" अण्णा म्हणाले. "चांगली भाताची माती हाय."

"घटनेत जगण्याचा हक्क आहे. तो फक्त उन्हाळ्यापुरता दिलेला नाही. खाली नदीकाठच्या दासगावकडच्या लोकांना विचारा, पाणी घरात कसं शिरतं. वाडी हलवा, जरूर हलवा. पण शाळेमागच्या माळावर. ओढ्यात नको." अर्धा तास बोलले. आवाज चिरकला. मग माझ्याकडे वळून, हात जोडून म्हणाले, "भाऊसाहेब, आजचा तरी नीट नोंदवा."

आजचा तरी. म्हणजे त्यांना शंका होती का? तो प्रश्न मी पुढे पुष्कळदा स्वतःला विचारला. त्या दिवशी फक्त म्हणालो, "नोंदवला, मास्तर." पानावर सकाळीच लिहून झालं होतं : सर्वानुमते मंजूर.

घरं झाली. वाडी उतरून आली. तिसऱ्या पावसाळ्यात एका दुपारी ओढा आत शिरला. माणसं वाचली ती मास्तरांमुळे. ते त्या जुलैत रोज छत्री घेऊन ओढ्याकाठी पाणी मोजत उभे राहायचे, आणि गाव म्हणायचं, गुर्जींचं डोकं फिरलं. त्या दुपारी त्यांनी कवायतीची शिट्टी फुंकत आठही घरं रिकामी करवली. तासाभराने चार घरांच्या भिंती बसल्या आणि उरलेल्या घरांत खिडकीपर्यंत गाळ भरला.

आठ कुटुंबं शाळेच्या दोन खोल्यांत आली. त्यांनी दुसरी जागा मागितली, शाळेमागचा माळ. तालुक्याहून साहेब चौकशीला आले. साहेबांचं म्हणणं सरळ होतं : जागा ग्रामसभेने एकमताने निवडली, आता पुन्हा जागा कशी मिळणार? कुणी धोका दाखवून दिला होता का? दिला असेल तर प्रकरण वेगळं होईल.

वाडीतल्या ताराबाई पुढे झाल्या. "साह्येब, आमच्या गुर्जींनी सांगितला व्हता ना! बुकात असंल. भाऊसाहेब लिवतात समदं. काय ओ भाऊसाहेब?"

बुक उघडलं. साहेबांनी वाचलं. मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं, बोट फिरवत, ओळ न् ओळ. मग मागची पानं उलटली. मग त्याच्याही मागची. अकरा वर्षांची पानं त्यांनी उभ्याने उलटली. मी खिडकीबाहेर बघत होतो.

त्यांनी आपलं हजेरीपत्रक पुढे केलं. साहेब म्हणाले, खाजगी वही पुराव्यात धरता येत नाही. मग माझ्याकडे वळले. "ग्रामसेवक, यांनी विरोध केला होता?"

मला दोन मुली आहेत. एक महाडला कॉलेजात, एक दहावीला. पेन्शनला सात वर्षं राहिली होती. हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं असं नाही. ते आधीपासून तिथेच बसलेलं होतं.

"रीतसर विरोध नव्हता, साहेब," मी म्हणालो. "तोंडी काही बोलले असतील."

ताराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मास्तर आता ओरडतील, बायबल काढतील, माझं नाव घेतील म्हणून मी वाट बघत होतो. ते हळूच म्हणाले, "आवाज बसला होता त्या दिवशी माझा. भाऊसाहेबांना ऐकू गेलं नसेल." आणि दोन्ही पिशव्या उचलून निघून गेले.

बाहेर ताराबाई त्यांच्यावर तडकल्या. "गुर्जी, असं कसं बोललात ओ? आमी पोरंबालं घेऊन शालंत कुजायचा काय?" मास्तरांनी मान खाली घातली. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

त्यानंतर ते ग्रामसभेत बोललेले नाहीत. येतात, बसतात, जातात. वाडीसाठी दर महिन्याला अर्ज करतात, आणि दर महिन्याला तेच उत्तर येतं : जागा एकमताने निवडलेली आहे. एक नवी सवय मात्र त्यांना लागली. दर सोमवारी संध्याकाळी माझ्या एसटीच्या वेळेला स्टॉपवर येऊन उभे राहायचे. पाऊस असला तर छत्री अर्धी माझ्यावर. इकडचं तिकडचं बोलायचे. तिथेच एकदा त्यांनी सांगितलं की तिसरा रकाना बाईंचा. बाई वाड्यावाड्यांतून बाळंतपणं करून यायच्या, चिखलाने भरलेले पाय घरी धुवायच्या आणि म्हणायच्या, "पुस्तकं दोन्ही खरी, पण जाऊन बघितलंत का?" गाडीचे दिवे वळणावर दिसले की मास्तर नेहमी विचारायचे, "काही सांगायचं होतं का, भाऊसाहेब?"

"नाही, मास्तर. काही नाही."

म्हातारा एकटा पडलाय, गाव म्हणायचं, बोलायला माणूस शोधतो. मलाही तसंच वाटत होतं. तसं वाटून घेणं सोपं होतं.

गेल्या पावसाळ्यात ते दोन सोमवार आले नाहीत. ताप होता. बायकोने पेज आणि मेतकूट बांधून दिलं, ते घेऊन मी रविवारी त्यांच्याकडे गेलो. ताराबाई दारातच भेटल्या, मास्तरांचं अंथरूण झटकून निघाल्या होत्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. आत मास्तर झोपले होते, अंगावर तो स्वेटर. उशाशी खुर्चीवर हजेरीपत्रक होतं. मी उघडायला नको होतं. उघडलं.

चौकशीच्या तारखेपुढे प्रस्ताव लिहिला होता : भाऊसाहेबांना साहेबांसमोर खोटे पाडणे. शास्त्र : आधी एकट्याला गाठून बोलावे, मग चारचौघांत. घटना : आपली बाजू मांडण्याची संधी प्रत्येकाला. चिखल : मुली शिकत आहेत. माणूस घोट्यापर्यंतच रुतला आहे. आपण होऊन निघेल.

त्याखाली सोमवार होते. पानंच्या पानं सोमवार. प्रत्येकापुढे एकच शेरा : स्टॉपवर गाठले. आज नाही. आणि शेवटच्या रकान्यात घोटा, घोटा, घोटा. मग कितीतरी सोमवार पोटरी. मग गुडघा. शेवटची ओळ ताप येण्याआधीच्या सोमवारची होती. अक्षर हललेलं होतं. आज नाही. कंबर.

मी पेजेचा डबा तिथे ठेवला आणि त्यांना न उठवता आलो.

मास्तर बरे झाले आहेत, स्टॉपवर पुन्हा येतात. आठ कुटुंबं अजून शाळेच्या दोन खोल्यांत आहेत. हे मी इथे लिहिलं, पण जिथे लिहायला हवं तिथे अजून लिहिलेलं नाही. त्या पंधरा ऑगस्टला शलमोन मास्तरांनी ओढ्याकाठच्या जागेला विरोध केला होता, तो मी ऐकला होता आणि नोंदवला नाही, एवढं माझ्या सहीनिशी साहेबांना लिहून देणं माझ्याकडे बाकी आहे. आणि ते देण्याआधी, एका सोमवारी, गाडी यायच्या आत, ते मास्तरांना तोंडाने सांगणं.